पाटीवरची छत्री

अख्ख्या जव्हार संस्थानात पाटीवर छत्री धरून स्वतः भिजत जाणारा माणूस एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरात निघाला. आमचे आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, साखरशेतच्या शाळेत पहिलीचे मास्तर. कुठल्याही इयत्तेतल्या पोराने अक्षर चांगलं काढलं, की त्याची पाटी तळहातावर ताटासारखी धरून हे पाड्यावर त्याच्या बापाला दाखवायला निघत. बापाला वाचता येत नसे, म्हणून आतोबा एकेक अक्षर त्याच्या बोलीत समजावत, नागलीची भाकर खात आणि परतल्यावर आम्हा मास्तरांना बजावत, "सोम्याच्या घरी म्हैस मेलीय. आठ दिवस त्याला पाढे विचारू नका."

हा सोम्या तिसरीत, म्हणजे माझ्या वर्गात. मी नवा मास्तर, अंगात कोट, आणि मोडी अक्षर असं वळणदार की माझं मलाच कौतुक. एकदा म्हणालो, "आतोबा, तुम्ही पहिलीपुरतं बघा. तिसरीच्या पालकांशी मी बोलेन."

"इयत्ता बदलते रे, बाप तोच असतो," ते म्हणाले. पण त्यानंतर माझ्या वर्गातल्या एकाही पोराच्या घरी गेले नाहीत.

परीक्षा झाली, सुटी लागली, आणि सोम्याला जव्हारच्या मोठ्या शाळेत राहण्याजेवणासकट जागा मिळाल्याचं कळलं. पाड्यावर चालत जाणं मला कमीपणाचं वाटलं. मी शिक्का मारून सोम्याच्या बापाला मोडीत पत्र धाडलं, पोराला अजून बालबोधच वाचता येतं हे ध्यानातही न घेता: पंधरा दिवसांत मुलास घेऊन हजर व्हावे. कोणी आलं नाही. "या लोकांना कदरच नाही," असं मी महिनाभर भेटेल त्याला ऐकवलं. शेवटी आतोबा मला दंडाला धरून पाड्यावर घेऊन गेले.

सोम्याचा बाप हरखलाच. "मास्तर, तुमचा कागुद देवाजवल ठेवलाय. रोज हलद लावतूं."

आतोबांनी हळद झटकून पत्र वाचलं, त्याच्या बोलीत सांगितलं.

"मंग उद्या जाव काय?"

जागा दुसऱ्याला गेली होती. तेही आतोबांनीच सांगितलं. मी कोटाची बटणं चाचपत उभा. परतताना ते एवढंच म्हणाले, "अक्षर मात्र छान आहे हो तुझं."

सोम्या पुन्हा शाळेत आला नाही. आतोबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. हल्ली पाट्या घेऊन मीच पाडे चढतो. परवा सोम्याच्या पोरीची पाटी नेली. छत्री पाटीवरच धरली होती, तरी अक्षरं ओघळली. सोम्याला वाचता येतं, तिसरीपुरतं. त्याने पाटी निरखली.

"म्हातारं मास्तर आनत, तवा सुकी रहायची," म्हणाला, आणि मला बसायला घोंगडी सरकवली.