मोठच्या वाटेवरची निळी गाडी

विश्वंभर सोनटक्के गाडी विकत घ्यायला गेले आणि रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले.

"अब चलाइए," ते जयदीपला म्हणाले. "मेरे सामने से. धीरे धीरे."

जयदीप परिहार ग्वाल्हेर रस्त्यावर जुन्या गाड्या विकायचा. टायरला लाथ मारून बघणारं गिऱ्हाईक त्याला ठाऊक होतं, सीटचा वास घेणारं ठाऊक होतं, बरोबर पंडितजींना घेऊन येणारंही ठाऊक होतं. पण एकसष्ट वर्षांचा माणूस, अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि धुळीत असा डोळे मिटून बसलेला, हे त्याला नवीन होतं. तरी त्यानं ती लांबलचक निळी परदेशी गाडी सुरू केली आणि बाबूजींच्या नाकासमोरून नेली. मग उलटी आणली. मग परत नेली.

विश्वंभर ऐकत होते. चौतीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. झाशी स्टेशनात गाडी शिरायची तेव्हा दोन्ही अंगांना त्यांची माणसं अशीच उकिडवी बसायची आणि चाकं समोरून जाताना कान द्यायची. ज्या डब्याचा आवाज फाटका, तो गाडीतून कापायचा आणि आजारी डब्यांच्या रुळावर नेऊन उभा करायचा. तिथं विश्वंभर त्याच्या पोटाखाली शिरायचे. स्टेशनात त्यांना सगळे डॉक्टरसाहेबच म्हणत.

या निळ्या गाडीचा आवाज फाटका नव्हता. ओल्या वाळूवरून कुणी अनवाणी चालत जावं, तसा होता.

मग त्यांनी पिशवीतून घरचं फुलपात्र काढलं, काठोकाठ पाणी भरलं, स्टेअरिंगच्या पुढच्या फळीवर ठेवलं आणि जयदीपला समोरच्या तिन्ही गतिरोधकांवरून न्यायला सांगितलं. पाणी थरथरलं. काठावर आलं, वाकून बघितल्यासारखं थांबलं आणि परत आत गेलं. सांडलं नाही.

जयदीपनं आता मीटरबद्दल बोलायची तयारी केली होती. दोन लाख अडतीस हजार किलोमीटर, लपवण्यात अर्थ नव्हता. पण तो तोंड उघडायच्या आत विश्वंभर आकड्याकडे बघून खूश झाले. त्यांच्या मते चालती गाडी मरत नाही, यार्डात उभी राहिलेली मरते. डबा पाच-सात लाख किलोमीटर पळतो, कारखान्यात जातो, नवा होऊन येतो. आकड्याला काय भ्यायचं? जयदीपनं आयुष्यात पहिल्यांदा जास्त किलोमीटरची तारीफ ऐकली आणि लगेच कागदपत्रं काढली.

ही सगळी खटपट अलकनंदाच्या पाठीसाठी होती.

अलकनंदा म्हणजे त्यांची बायको, मोठ गावातल्या मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी. मोठ झाशीहून पन्नास-बावन्न किलोमीटर, कानपूरच्या रस्त्यावर. सत्तावीस वर्षं ती बसनं गेली. नवरा रेल्वेत, पण मोठला थांबणाऱ्या गाडीची वेळ आणि शाळेची घंटा यांची कधी गाठ पडली नाही. दोन वर्षांपूर्वी तिच्या कमरेतला एक मणका सरकला. पहिला तास तिनं सोडला, मग दुसरा, मग आठवड्यातले दोन-दोन दिवस. डॉक्टरांनी बस बंद केली. भाच्याच्या छोट्या गाडीतून नेऊन बघितलं, तर पारीछाजवळच्या बेतवेच्या पुलापर्यंत पोचताना तिच्या खालच्या ओठावर दात उमटले होते. शेवटी शाळेच्या बड्या दीदींनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फार गोड आवाजात सुचवलं की मुलींचं बोर्डाचं वर्ष आहे, परीक्षेपर्यंत रोज येणं जमणार नसेल तर स्वेच्छानिवृत्तीचा विचार करावा.

 त्या दिवशी घरी जेवताना अलकनंदानं फक्त विचारलं होतं, "अहो, घरी बसून बायका दिवसभर करतात काय?"

दुसऱ्या दिवसापासून विश्वंभर गाड्या बघत हिंडू लागले होते.

निळी गाडी घराजवळच्या ओरछा गेटाबाहेरच्या मोकळ्या जागेत येऊन उभी राहिली तेव्हा अख्ख्या गल्लीनं तिच्याभोवती प्रदक्षिणा घातली. पुण्याहून श्रेयाचा फोन आला. लेकीचं मराठी झाशीत वाढलेलं, त्यामुळे ती रागावली की हिंदीत घसरायची. "बाबा, सेकंडहँड घेतली ते ठीक, पण इतकी चली हुई? लोक हिला शौक म्हणून रविवारी काढतात. तुम्ही रोज चालवणार?"

"रोजच," विश्वंभर म्हणाले. "रविवारी आराम."

पहिल्या दिवशी अलकनंदा मागच्या सीटवर बसली, पाठीशी कांबळ्याची घडी घेऊन, दोन्ही हात सीटवर घट्ट रोवून. शहर सुटलं. पौषातलं धुकं शेतांवर असं पसरलं होतं की मटारचे मळे कुठे संपतात आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळेना. आत आवाज नव्हता. बेतवेच्या पुलावर सांधे आले, एकामागून एक, आणि गाडी त्यांच्यावरून नाव जावी तशी गेली. विश्वंभरांनी आरशात बघितलं. तिचे हात सीटवरून सुटून मांडीवर आले होते. चिरगाव गेलं तेव्हा तिनं वह्यांचा गठ्ठा सोडला आणि लाल पेननं तपासायला सुरुवात केली. अक्षर सरळ येत होतं. तिनं एकदा पेन उचलून त्याच्याकडेच बघितलं.

"काय झालं?"

"काही नाही हो. आपण चाललोय ना, का थांबलोय?"

पाच दिवस ही नाव मोठला गेली आणि आली. सहाव्या दिवशी सकाळी विश्वंभर गेटाबाहेर आले तर गाडी बसली होती.

बसली होती म्हणजे खरोखरच बसली होती. मागचं उजवं अंग जमिनीला टेकलं होतं, पुढचं नाक वर. वाळवंटातला उंट अर्धा उठून कंटाळला की दिसेल तशी. ही गाडी लोखंडी स्प्रिंगांवर नव्हती, हवा भरलेल्या रबरी फुग्यांवर होती, आणि एक फुगा हवा सोडत होता. विश्वंभर तिथंच उकिडवे बसले. त्यांची चूक त्यांना लख्ख दिसली. रेल्वेचा माणूस, त्यांनी ती चालताना तपासली होती. समोरून नेली, मागे आणली, पाणी ठेवून नाचवली. एक रात्र नुसती उभी करून सकाळी बघावी, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. हिचं दुखणं चालण्यात नव्हतं. उभं राहण्यात होतं.

त्या दिवशी इंजिन सुरू केल्यावर फुग्यात पुन्हा हवा भरून गाडीला कण्हत कण्हत वर यायला वेळ लागला आणि अलकनंदा शाळेत चाळीस मिनिटं उशिरा पोचली. बड्या दीदींनी घड्याळाकडे बघितलं. 

संध्याकाळी मिस्त्रीनं गाडीखाली विजेरी मारून निकाल दिला. हे फुगे काढून टाका, साधे लोखंडी स्प्रिंग घालतो, एका दिवसाचं काम, पुन्हा जन्मात बसणार नाही. त्याच्या दुकानात अशीच बदललेली एक गाडी उभी होती. विश्वंभरांनी अलकनंदाला बोलावून तिच्यात बसवलं आणि मिस्त्रीला फेरी मारायला सांगून स्वतः तिच्या शेजारी बसले.

गल्लीच्या तोंडाशी एक खड्डा होता, पुढे एक.

"कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"छान आहे."

"दुखत नाही?"

"अजिबात नाही. हेच करून टाका. रोज वेळेवर पोचू."

ती हसत होती. पण तिच्या हातानं दारावरचं कडं असं धरलं होतं की बोटांची पेरं पांढरी झाली होती. आपली बायको आपल्याशी खोटं बोलते आहे, आणि ते आपल्याला लाज वाटू नये म्हणून, हे कळल्यावर विश्वंभरांनी मिस्त्रीला गाडी वळवायला सांगितली.

"नाही बदलायचं," ते घरी आल्यावर म्हणाले.

"अहो, पण ती उद्या पुन्हा बसली तर?"

"बसेल. मी उठवीन. जन्मभर दुसरं काय केलं?"

"तुमचे डबे रुळावर असायचे. ही रस्त्यावर आहे, आणि माझी नोकरी तिच्यात आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले, आणि बादलीत साबण कालवायला घेतला.

साबणाचा फेस त्यांनी गाडीच्या पोटाखाली सगळीकडे फासला. रेल्वेत ब्रेकच्या नळ्यांची गळती ते असंच शोधायचे. उजव्या फुग्याच्या घडीत बुडबुडे आले, मोहरीएवढे, एकामागून एक. नवा फुगा दिल्लीहून यायला महिना लागणार होता. त्यांनी आंब्याच्या लाकडाचे दोन ठोकळे करून घेतले. संध्याकाळी गाडी परतली की ते तिच्या अंगाखाली सरकवायचे, म्हणजे ती फार खाली जात नसे. सकाळी निघण्याच्या तासभर आधी बाहेर पडायचं, इंजिन सुरू करायचं, बॉनेटवर हात ठेवून उभं राहायचं. धुक्यात ती हळूहळू वर यायची. आधी पुढून, मग डावीकडून, सगळ्यात शेवटी आजारी कुशीवरून. मग ठोकळे काढायचे आणि घरात आवाज द्यायचा, "अगं, सिग्नल मिळाला."

पण मोठला शाळा सुटेपर्यंत ती सहा तास नुसती उभी राहिली असती तर पुन्हा बसली असती. म्हणून ते तिथंच थांबू लागले. अलकनंदाला त्यांनी मंडीत जुने दोस्त भेटतात असं सांगितलं. दोस्त कुणीच नव्हतं. शाळेच्या भिंतीबाहेर कडुनिंबाखाली ते गाडीत बसून असत, काच खाली करून, आणि दर तासाला इंजिन सुरू करत. मंडीतून धान्याचा धुरळा येई, उन्हात सोन्यासारखा तरंगे. वर्गातून मुलींचे आवाज येत, एका सुरात, आणि त्यांच्यातून एक ओळखीचा आवाज वर निघे. छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला शिकवताना कधी ऐकलंच नव्हतं. घरी ती हळू बोलायची. इथं तिचा आवाज खणखणीत होता, थोडा खट्याळही. एकदा तिनं कुणाला तरी विचारलं, "उत्तर माहीत आहे ना? मग घाबरून काय लिहितेस?" हे अर्थात हिंदीत, पण विश्वंभरांना ते मराठीतच ऐकू आलं. त्यांनी डोळे मिटले. चाकं समोरून जाताना ते जसे ऐकायचे, तसंच ते तिला ऐकत राहिले. फाटका सूर कुठेच नव्हता.

मधल्या सुट्टीत मुली भिंतीवर कोपर टेकून बघायच्या. मैडम की गाड़ी बैठ रही है. मैडम की गाड़ी उठ गई. एकीनं जाऊन खुद्द मैडमनाच सांगितलं की अंकल रोज इथंच असतात, आणि गाडीला उठवतात.

त्या दिवशी परतताना अलकनंदा मागे नाही, पुढच्या सीटवर बसली.

"मंडीतले दोस्त कसे आहेत?"

विश्वंभरांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही. "बरे आहेत."

"काय बोलता त्यांच्याशी सहा-सहा तास?"

"मी कुठं बोलतो. ऐकतो."

तिनं आपल्या बाजूची काच खाली केली. पारीछाला पाणी संध्याकाळच्या उजेडात पसरलं होतं आणि त्याच्यावरून ते दोघं तरंगत गेले.

दिल्लीचा फुगा आला, बसवला. मग डाव्या अंगाचा हवा सोडू लागला. आंब्याचे ठोकळे फक्त बाजू बदलून वापरात राहिले. तोवर फाल्गुन लागला होता. बोर्डाचा गणिताचा पेपर होईपर्यंत अलकनंदाचा एकही दिवस बुडला नव्हता. पेपर संपल्यावर मुली बाहेर आल्या, गाडीभोवती जमल्या, आणि कोणतं गणित कसं सुटलं ते सगळ्या एकदम सांगू लागल्या. त्यांच्या गलक्यातून वाट काढत ती आली आणि पुढच्या सीटवर बसली.

"बड्या दीदींनी बोलावलं होतं," ती म्हणाली.

विश्वंभरांचा किल्लीवरचा हात थांबला. "काय म्हणाल्या?"

"एप्रिलपासूनचं वेळापत्रक करतायत. विचारलं, तुम्हाला कुठले तास देऊ. आधीसारखे उशिराचे?"

"मग?"

"मी पहिला मागून घेतला. दहावीचा." ती समोर बघत होती. "गणित सकाळचंच चांगलं असतं."

विश्वंभरांनी मनात हिशेब मांडला. उन्हाळ्यात शाळा साडेसातला. "म्हणजे सव्वासहाला निघायचं."

"हो. आणि गाडी?"

"ती सव्वापाचला उठेल."

"आणि तुम्ही?"

"मी पाचला."

"म्हणजे चहा मला पावणेपाचला ठेवायला हवा," अलकनंदा म्हणाली आणि पाठ सीटला पूर्ण टेकून बसली. बाहेर मुली अजून हात हलवत होत्या. विश्वंभरांनी किल्ली फिरवली. गाडी मागच्या अंगानं जराशी वर आली, थांबली, आणखी थोडी वर आली. ती सरळ होईपर्यंत दोघंही वाट बघत बसून राहिले.