टाक्यांचा फोटो

त्याने विचारलं नाही. सरळ चादर बाजूला केली.

गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतरचा पट्टी बदलायचा दिवस. धुळ्याचं खासगी हॉस्पिटल, सरकारी योजनेतल्या बायकांचा वॉर्ड. भेटीची वेळ होती. समोरच्या खाटेवरच्या बाईचा दीर उभा, आणखी दोन पुरुष उभे. योजनेच्या टेबलावरच्या माणसाच्या एका हातात मोबाईल. दुसऱ्या हाताने तो माझा गाऊन वर करू लागला.

"ताई, हलू नका. टाके आणि तोंड एकाच फोटोत आलं पाहिजे."

मी नरडाण्याला खानावळ चालवते. कंपन्यांतले कामगार जेवायला येतात. माझ्यासमोर कोणी वेडंवाकडं बोलत नाही. त्या खाटेवर मात्र गाऊनची कड मुठीत धरून पडून राहिले. ऑपरेशनच्या आधी यानेच गळ्याशी नावाची पाटी धरायला लावून फोटो काढला होता. चोरासारखा. तेव्हाही ऐकलं. उपचार मिळतोय ना, म्हटलं.

शेजारच्या खाटेवर पिंपळनेरकडच्या एक अक्का होत्या. हळूच म्हणाल्या, "काढू दे वं बाई. बठ्ठासना काढतस. मना बी काढा." सगळ्यांचाच काढतात, त्यांचाही काढला होता. एवढं सांगून त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ते फिरवलेलं तोंड मला बघवलं नाही.

"हात काढा," मी म्हणाले.

"फोटो नाही तर क्लेम नाही. सगळं बिल घरून भरावं लागेल."

"आधी हात काढा."

समोरचा दीर हसला. "घ्या! हिरोईनचं शूटिंग थांबलं."

कोणीतरी डॉक्टरांना बोलावलं. ते आले तेच चिडून.

"मी ऑपरेशन केलं यावर योजनेचा विश्वास नाही. पुरावा मागतात. दर त्यांचे, नियम त्यांचे, आणि चौकशी माझी. वरून तुमचे नखरे! फुकटात झालं ना? मग लाज कसली?"

न केलेल्या ऑपरेशनची बिलं लावणारेही असतात, म्हणून योजना पुरावा मागते. ते मला कळतं. मीही भाजी वजन करूनच घेते. पण योजनेचा डॉक्टरांवर भरवसा नाही, डॉक्टरांचा योजनेवर राग, आणि या दोघांच्या भांडणात उघडं पडायचं ते माझं पोट.

"वरच्या मजल्यावर विमा काढलेले पेशंट आहेत. हा तिथेही असाच घुसतो का?"

"त्यांचं वेगळं असतं."

"ऑपरेशन फुकट झालं, डॉक्टर. मी फुकट नाही."

टाके ओढत होते. तरी उठून बसले. म्हटलं, फोटो सिस्टर काढतील. आडोसा करून. फक्त टाक्यांचा. आधी मी बघेन, मग फोटो योजनेकडे जाईल. नाहीतर बिल करा, खानावळ गहाण टाकते.

डॉक्टर निघून गेले. माझा डिस्चार्ज अडवला. दुसऱ्या दिवशी दोन सिस्टर आल्या. वॉर्डला पडदाच नव्हता. एकीने चादर धरली, दुसरीने फोटो काढला. त्यात माझं तोंड नव्हतं. क्लेम तरीही पास झाला.

म्हणजे पोटासोबत तोंड लागतच नव्हतं. तोंडाचा वेगळा, टाक्यांचा वेगळा, असं दोन फोटोंचं काम एकात उरकायची त्या टेबलावरच्या माणसाची सवय. तेवढ्यासाठी किती बायका भिंतीकडे वळल्या असतील.

अक्कांचा फोटो मोबाईलमधून पुसायला त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाठवून झाला." तो फोटो मी थांबवू शकले नाही. कोणाकोणाच्या मोबाईलमध्ये आहे, देव जाणे.

आता आमच्या भागातल्या बाईचं योजनेतून ऑपरेशन असलं की मी सोबत जाते. खानावळ सून बघते. डॉक्टरांनी मध्यंतरी निरोप धाडला, "त्या बाईला म्हणावं, माझ्या वॉर्डात पुढारपण नको."

सोमवारी गल्लीतल्या एकीचं ऑपरेशन आहे. मी जाणार. त्याने हात लावायच्या आधी तिला विचारायचं. ती नाही म्हणाली, तर नाही.