पायावरची पांढरी चकती

मी चाळीस वर्षं कातड्याची वस्तू अंगाला लावलेली नाही. पाकीट कापडी, घड्याळाचा पट्टाही कापडी. बडोद्याच्या दांडिया बाजारातले मित्र चिडवतात, पण सकाळी दोन तास देवाला बसणाऱ्या माणसाने एवढं तरी पाळावं. हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. म्हणूनच राग येतो.

मधुमेहामुळे माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याखाली जखम झाली, ती काही केल्या भरेना. डॉक्टर अंगठा काढायची भाषा करू लागले. माझी मुलगी सयाजीगंजला युनिव्हर्सिटीत संशोधन करते. तिच्याकडे सुईतून द्रावण सोडतात, त्याला विजेचा जबर दाब देतात, की डोळ्यांना न दिसणारे धागे निघतात. ते एकावर एक साचून कागदासारखी पांढरी चकती होते. जखमेवर ठेवली की वेलाला मांडव मिळावा तशी नवी कातडी त्या धाग्यांना धरून वाढते, आणि धागे आतल्या आत विरून जातात. डॉक्टरांबरोबर त्यांची चाचणी चालली होती. मी तयार झालो.

"हे कशाचं करता गं? मला देवाला बसायचं असतं," मी विचारलं.

"झाडपाल्याचंच समजा ना, बाबा," ती म्हणाली आणि फॉर्म पुढे केला.

जन्मभर शाळेत पोरांच्या कानीकपाळी ओरडलो, न वाचता सही करू नका. आणि स्वतः मात्र लेकीने बोट ठेवलं तिथे सही ठोकून मोकळा झालो.

अंगठा वाचला, खोटं कशाला बोलू. जखम बुजली तशी मी गल्लीत पेढे वाटले, ज्याला त्याला मोजा काढून पाय दाखवला.

पुढे तिचं विभागात भाषण होतं. आम्ही दोघं नवराबायको ऐटीत पहिल्या रांगेत बसलो. पडद्यावर माझा अंगठा आला, आणि ती सांगू लागली की हे धागे जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या कातड्यातून काढलेले. मी बायकोकडे पाहिलं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत खाली बघत होती. म्हणजे हिलाही माहीत होतं. रोज पहाटे माझं ताम्हन घासून ठेवणारी ही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

घरी येऊन फॉर्मची प्रत काढली. चौथ्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं.

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता," रात्री जेवताना मुलगी म्हणाली. "अंगठा गेला असता, बाबा."

"गेला असता. माझा होता."

"अहो, लेकीने जीव लावून केलं, त्याचं काहीच नाही का?" बायको म्हणाली. मी पानावरून उठलो.

याला वर्ष झालं. बोलणंचालणं आहे, पण आता ताटात काय वाढलंय ते मी विचारून खातो. गेल्या पंधरवड्यात उजव्या टाचेला फोड आला, तो फुटला, आता चिघळतोय. बडोद्याच्या या उन्हाळ्यात मी घरातही मोजे घालून बसतो.

काल मुलीने विचारलं, "बाबा, पाय ठीक आहेत ना?"

"ठणठणीत," मी म्हणालो.

तिने विश्वास ठेवला.