छत नसलेलं मैदान

देवाजी निखाडे कुठल्याही घरात शिरले की आधी वर पाहत. यजमान "या, बसा" म्हणत असताना त्यांची नजर पंख्याच्या हुकावरून, भिंत आणि स्लॅब मिळतात त्या कोपऱ्यांतून फिरून येई, आणि मगच ते खुर्चीला हात लावत. आमच्या क्वार्टरमध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी छत्रीच्या टोकानं स्वयंपाकघराच्या दारावरचं छत दोनदा ठोकलं, कान देऊन ऐकलं आणि आईला म्हणाले, "बाई, इथी पाळणा नका टांगू. बाकी घर ठीक आहे." आईला हसू आवरेना. घरात सगळ्यांत धाकटी मी होते आणि मी नववीत होते.

माजरीकडच्या एका भूमिगत कोळसा खाणीत ते सरदार होते. शब्द मोठा आहे, काम मात्र काठी ठोकण्याचं. पाळी सुरू होण्याआधी कामाच्या जागी जायचं आणि लोखंडी टोकाच्या काठीनं वरचं छत ठोकून पाहायचं. घट्ट दगड टणक वाजतो, सुटलेला दगड रिकाम्या मडक्यासारखा. देवाजीभाऊंनी मान हलवली की माणसं आत जात. ते "नाई" म्हणाले की साहेब येऊन उभा राहिला तरी कोणी पाऊल पुढे टाकत नसे. माझे वडील त्याच खाणीच्या दिवेघरात होते. उतरणाऱ्यांना टोपीवरचे दिवे द्यायचे आणि वर आल्यावर परत घ्यायचे, हे त्यांचं काम. ते म्हणत, "देवाजीच्या पाळीचा दिवा कधी खाली राहत नाही."

एकदा मात्र राहिला होता. नवीन नवीन सरदार झाले तेव्हा एका कोपऱ्याचा आवाज त्यांना किंचित वेगळा वाटला होता. बरोबरचा जुना कामगार म्हणाला, "जाऊ दे ना, देवाजी, रोजचंच आहे." त्यांनी जाऊ दिलं. तिथला दगड सुटून त्या माणसाचा पाय गेला; त्याला उचलून वर आणलं, दिवा खालीच राहिला. देवाजीभाऊ स्वतः हे कधी बोलले नाहीत. मला वडिलांनी सांगितलं, तेही एकदाच.

तरुणपणी ते खाणीच्या फुटबॉल संघात बचाव फळीत खेळत. पहिली पाळी सुटली, आंघोळ झाली की ते सायकलनं आमच्या शाळेच्या मैदानावर येत. मुलांच्या संघाला शिकवायला तीन जण होते. मुलींचा संघ नव्हताच, तो त्यांनी जमवला. आमच्याकडेच का आलात, असं विचारलं तर म्हणत, "तिकडं गर्दी होती." मैदानाच्या एका अंगाला खाणीतून काढलेल्या मातीचा डोंगर होता. वारा सुटला की बॉल, कपडे, दात, सगळं काळं होई. मला त्यांनी गोलमध्ये उभं केलं, कारण त्यांच्या मते पुस्तकं वाचणारी पोरगी एका जागी उभी राहू शकते. हा अंदाज बरोबर निघाला.

संघात खरी खेळाडू एकच, मंगला कुळमेथे. गोंडपिपरीच्या पुढे जंगलाला लागून तिचं गाव. मामा आमच्या खाणीत कोळसा भरणारा लोडर होता, त्याच्याकडे राहून ती शिकत होती. ती धावायला लागली की बाकीच्या मुली चालत असल्यासारख्या दिसत. तिला देवाजीभाऊंनी सगळ्यांत मागे, माझ्या पुढ्यात उभं केलं. "तू मेन टेकू," ते तिला म्हणाले. "टेकू जागचा हलत नसते." खाणीत छताखाली लाकडाचे टेकू देतात. आमचा संघ त्यांनी तसाच रचला होता: आठ जणी मागे, दोघी मधे, आणि पुढे कोणी नाही. "आंधी हराचं नाई," हे त्यांचं वाक्य. "जिंकणं मंग पाहू."

ते "मंग" कधी येत नसे. आमचे सामने शून्य-शून्य सुटत. त्या पहिल्या वर्षी जिल्ह्याच्या अंतिम सामन्यापर्यंत आम्ही एकही गोल न करता, नुसत्या पेनल्टीवर गेलो आणि तिथे पेनल्टीवरच हरलो. चहाच्या टपरीवर त्यांचे सोबती त्यांना सोडत नसत. "काऊन गा देवाजी, तुह्या पोरी बॉल खेळून राह्यल्या का पहारा देऊन राह्यल्या?" कोणी म्हणे, "पुढच्या साली गोलला कुलूप लाव, पोरी तरी मोकळ्या होतील." देवाजीभाऊ बशीतला चहा फुंकत म्हणत, "हसा. पण माह्यावर गोल किती झाले ते सांगा."

आम्ही दहावीत गेलो त्या वर्षी मंगलाचे वडील गावाहून आले. शांत, हळू बोलणारा माणूस. मुलीनं खेळावं याला त्यांची ना नव्हती. पण मामाच्या घरी आता त्याचीच पोरं मोठी झाली होती, घर लहान होतं, आणि पुढे शिकून काय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी एवढंच ठरवलं होतं: संघ जिल्ह्यातून निघून नागपूरला विभागापर्यंत गेला तर तिथे पोरीला कोणी पाहील, काही वाट निघेल, मग शिकू द्यायचं. नाही तर दहावीनंतर घरी. मंगलानं हे मला मैदानावर बुटाची नाडी बांधता बांधता सांगितलं. म्हणाली, "फायनल जिंकली तं शाळा, हरली तं गाव." आणि उठून मागे, आपल्या जागेवर गेली.

उपांत्य सामना आम्ही नेहमीसारखा पेनल्टीवर जिंकलो. मी दोन अडवल्या. दुसरी अडवताना उजव्या हाताचं मधलं बोट उलटं वळलं. मी कोणाला बोलले नाही. देवाजीभाऊंना कळलं असतं तर त्यांनी मला दुसऱ्या दिवशी मैदानात पाऊल टाकू दिलं नसतं. रुमाल गुंडाळून वर हातमोजा चढवला.

अंतिम सामना चंद्रपुरात. मध्यंतराला शून्य-शून्य. आम्ही कडुलिंबाखाली संत्र्याच्या फोडी चोखत बसलो होतो. देवाजीभाऊ खुशीत होते. "मस्त चाललं. असंच धरून ठेवा. पेनल्टीत गेलो की आपली बाई आहेच." त्यांनी माझ्याकडे हात केला. मंगला गवत उपटत खाली पाहत होती. मी दोन वर्षांत त्या मैदानी मंडळींत फारशी बोलले नव्हते. पण माझ्या बोटात कळ मारत होती, आणि पेनल्टी माझ्याच्यानं अडणार नाहीत हे फक्त मला ठाऊक होतं.

"भाऊ," मी म्हणाले, "इथी वरतं छत नाई."

"काय?"

"गोल झाला तं गोलच होते. कोणी दबत नाई. मंगलाले पुढं पाठवा ना."

देवाजीभाऊंनी सवयीनं वर पाहिलं. वर कडुलिंब होता आणि पानांमधून दिसणारं पांढरं आभाळ. ते बराच वेळ तसेच पाहत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू काऊन म्हणून राह्यली हे? पेनल्टीले भेते?"

मला खोटं बोलता आलं नाही. हातमोजा काढला. बोट वांग्यासारखं झालं होतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, सांध्यावर अलगद दाबलं आणि माझा चेहरा पाहिला.

"कवापासून?"

"कालपासून."

"आन मले सांगितलं नाई."

"तुम्ही बाहेर काढलं असतं."

"काढलंच," ते म्हणाले.

राखीव गोलकीपर रेखा तेव्हा पाण्याच्या बाटल्या भरत होती. दोन वर्षांत तिच्यावर सामन्यात उभं राहायची वेळ आली नव्हती. "मी?" म्हणून ती तशीच उभी राहिली. आमच्याबरोबर आलेले खेळाचे मास्तर म्हणाले, "निखाडेभाऊ, पट्टी बांधून भागेल. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. हिला काढलं तर उरलं काय?"

देवाजीभाऊंचा आवाज चढला नाही. "गुरुजी, मॅच हरली तं माह्या अंगावर येते. बोट गेलं तं तिच्या अंगावर. तिच्या बोटाचा जुगार म्या कसा खेळू?" मग ते मंगलाकडे वळले. "मंगला, तू जाय पुढं."

"किती पुढं?"

"जमीन आहे तिथवर."

"आन मांगं कोण?"

"मांगचं पाहून घेऊ," ते म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

दुसरा अर्धा भाग मी त्यांच्या शेजारी बसून पाहिला. पहिल्या पाच मिनिटांतच रेखाच्या दोन्ही पायांमधून बॉल आत गेला. देवाजीभाऊ अर्धवट उठले. "मंगला, मां—" एवढं तोंडातून आलं, पुढचं त्यांनी गिळलं आणि परत बसले. त्यांनी स्वतःचे दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले, शाळेतली मुलं ठेवतात तसे. थोड्या वेळानं मंगलाला मधे बॉल मिळाला. दोन वर्षं जे पळणं आम्ही फक्त सरावाला पाहिलं होतं ते त्या दिवशी चंद्रपूरनं पाहिलं. तिघी मागे पडल्या, चौथी बसली, आणि बॉल जाळीत होता. आमच्या संघानं सामन्यात केलेला तो पहिला गोल. आनंद कसा दाखवायचा याची सवय नसल्यानं मुली नुसत्याच एकमेकींकडे पाहत होत्या.

एक-एक झालं. वेळ थोडा उरला होता. मुलींनी कडेला पाहिलं, आता मागे यायचं ना? मागे येऊन पेनल्टीपर्यंत गेलो असतो तर गोलमध्ये रेखा होती. देवाजीभाऊंनी हात मांडीखालून काढला आणि पुढे दाखवला. दोनदा मंगलाचा बॉल खांबाशेजारून गेला. मग रिकाम्या पडलेल्या आमच्या मागच्या बाजूनं त्यांची एक मुलगी एकटीच पळत आली.

दोन-एक. आम्ही हरलो.

त्यांचे प्रशिक्षक हात मिळवायला आले. म्हणाले, "ही पोरगी दोन वर्षं होती कुठे?" देवाजीभाऊ म्हणाले, "म्या मांगं ठेवली होती." परतीच्या गाडीत मुली तो एक गोल पुन्हा पुन्हा सांगत होत्या, सगळ्यांनी पाहिलेला असूनही. देवाजीभाऊ पुढे ड्रायव्हरशेजारी होते. परीक्षा संपल्यावर मंगलाचे वडील आले आणि तिची पेटी घेऊन गेले.

पुढेही देवाजीभाऊ शिकवत राहिले, निवृत्तीनंतरही. मुलींचे संघ पुष्कळदा हरले, तीन-चार गोलांनीही हरले, आणि कधीकधी मोठे सामने जिंकले. मी प्राध्यापक झाले, चंद्रपुरात राहायला आले, सुट्टीत त्यांना भेटायला जाई. एकदा मी विचारलं, शिकवणाऱ्यानं धोका कधी घ्यायचा, हे तुम्ही कसं ठरवता? ते म्हणाले, "घ्याचा का नाई, हे आंधी इचाराचंच नाई. पडला तं कोणाच्या अंगावर पडते, ते इचाराचं. आपल्या अंगावर पडत असन तं घ्याचा. दुसऱ्याच्या अंगावर पडत असन तं चूप बसाचं." मग म्हणाले, "न घेतलेला धोका बी पडते, बाई. तो बी कोणाच्या तरी अंगावरच पडते. हे मले उशिरा समजलं."

या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले. तेराव्याला मी गेले तेव्हा अंगणात खाकी गणवेशातली एक बाई आचाऱ्याला पातेलं उतरवायला मदत करत होती. मंगला. गोंडपिपरीला राहून ती बारावी झाली आणि धावण्याच्या चाचणीत पहिली येऊन वनरक्षक झाली, एवढं कानावर होतं. पण दहावीनंतर गावी गेलेली मुलगी पुन्हा शाळेत कशी गेली, हे मला माहीत नव्हतं. जेवणं झाल्यावर आम्ही ओट्यावर बसलो, तेव्हा विचारलं.

"तुले मालूम नाई?" ती म्हणाली. "भाऊ आले होते ना गावात. त्याच उन्हाळ्यात. बस फाट्यावर सोडते, तिथून पायी आले. बाबानं खाट टाकली, पाणी देल्लं. पाणी पेऊन भाऊ म्हणे, 'पोरगी हरली नाई, म्या हरवली. दोन साल तिले मांगं उभी ठेवली, मले भेव लागे म्हणून. माह्या भेवाची सजा तिले नका देऊ.' आजूबाजूचे पाच-सहा लोक जमले होते, सगळ्याइच्या समोर म्हणे. खाणीतला सरदार आमच्या अंगणात बसून आपली चूक सांगते, असं कोणी पाह्यलं नवतं. बाबा म्हणे, 'मंग आता काय कराचं म्हणता, सरदार?'"

"मग भाऊ काय म्हणाले?"

"म्हणे, 'मले नाई मालूम. तिलेच इचारा.'"

समोर मांडव सोडायला माणसं आली होती.

"मंग बाबानं मले इचारलं," मंगला म्हणाली. "तवापर्यंत कोणीच इचारलं नवतं."