आत्याचं डोकं आणि पाहुण्यांचा सिद्धांत

काकाने आत्याच्या डोक्यात फावड्याचा दांडा घातला, तेव्हा शेजारी एक परदेशी प्राध्यापक उभे होते. त्यांना मीच आणलं होतं. मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. वसईतल्या घरगुती भांडणांवर त्यांचं संशोधन चाललं होतं आणि दुभाषी मी होते.

भांडण बावखलाचं होतं. घरामागचं हे गोड्या पाण्याचं तळं. आत्या विधवा होऊन माहेरी आली तेव्हा आजोबांनी ते तिच्या हवाली केलं आणि तिची भाजीची वाडी त्याच्यावरच जगली. काकाला ते बुजवून बिल्डरच्या घशात घालायचं होतं. त्या सकाळी भरणीचा डंपर आला, तशी आत्या चाकासमोर जाऊन बसली. काकाने आधी तिला केस धरून ओढलं. ती उठेना, मग दांडा काढला. पहिला फटका खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. ती पाण्याच्या बाजूला कलंडली, तरी त्याने हात पुन्हा उचलला. डंपरवाल्याने काकाच्या कंबरेला मिठी मारली नसती तर त्याने तिला तिथेच संपवलं असतं.

दवाखान्यात टाके पडेपर्यंत बाहेर घरची माणसं जमली. सगळ्यांचं एकच पालुपद, घरातलं घरात मिटवा, पोलिसांत गेलात तर घराण्याचं नाक कापलं जाईल. परदेशी पाहुणेही मला बाजूला घेऊन समजावू लागले. तुमच्या समाजात व्यक्तीच्या आधी कुटुंब येतं, तक्रार करणं ही आमची पाश्चात्त्य सवय, ती बाईंवर लादू नका. हेच मी वर्गात शिकवते, परीक्षेत यावर दहा मार्कांचा प्रश्न असतो. माझं टाळकं सणकलं.

आत्या बाहेर आली. डोक्याला पट्टी, एक डोळा सुजून मिटलेला.

"तो गोरा काय म्हनतो?"

मी सांगितलं, "तू भावाला माफ करशील म्हणतात. आपल्यात घर आधी."

"त्याला तुज्या काकानं आनलाय काय?" मग थांबून म्हणाली, "त्यानं बगलंय सगलं. ठान्यात सांगंल?"

मी विचारलं. संशोधकाने फक्त पाहावं, मध्ये पडू नये, असं ते फार मायेने म्हणाले. त्या मायेचाच मला जास्त राग आला. मी त्यांना रिक्षा करून रेल्वे स्टेशन गाठायला सांगितलं.

आम्ही दोघी ठाण्याकडे निघालो तर काकाचा मुलगा आडवा आला. "तू घरची ना? मग गप घरी चल," म्हणत त्याने माझा हात असा पिरगाळला की बांगड्या मनगटात घुसल्या. मी त्याच्या दंडाला कडकडून चावले. रिक्षात बसलेले पाहुणे तेही पाहत होते.

ठाण्यात हवालदाराने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. माझं सगळं ऐकून घेतलं आणि पेन न उचलताच म्हणाला, "मॅडम, तुम्ही शिकलेल्या. सख्खा भाऊ आहे त्यांचा. घरातलं घरात मिटत नाही का?"

आत्या उठली, त्याच्या टेबलावर वाकली आणि डोक्याची पट्टी सोडायला लागली. शेवटचा पदर टाक्यांना चिकटला होता, तो तिने ओढून काढला. समोरच्या कोऱ्या कागदावर रक्त ठिबकलं. हवालदाराने तो कागद बाजूला सारला, दुसरा घेतला आणि तिचं नाव विचारलं.