पेन्सिलबाईंचं शेवटचं प्रकरण

पेन्सिलबाईंना कुणी कविता दाखवली, की त्या आधी दाखवणाऱ्याकडे बघायच्या. "कौतुक हवंय की मत? कौतुक हवं असेल तर चहा पिऊन जा." कसब्यातले निम्मे कवी चहा पिऊन गेले.

मी गेले होते सफाई कामगार बायकांच्या मोर्चाचं पत्रक घेऊन. बाई निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यातल्या चुका काढण्यात हयात गेलेली. माझ्या प्रत्येक वाक्याला उद्गारचिन्ह. बाईंनी सगळी पेन्सिलीनं खोडली.

"अहो, राग आहे तो!"

"तुझा आहे. वाचणारीला यायला हवा."

मंडईपर्यंत त्यांना शिव्या देत चालत गेले. पत्रक मात्र त्यांनी खोडलेलंच छापलं. बिबवेवाडीत बायकांनी ते एकमेकींना मोठ्यानं वाचून दाखवलं.

बाईंचं स्वतःचं काम एकच: एकोणिसाव्या शतकातल्या दोन लेखिका मैत्रिणींच्या पत्रांवरचं पुस्तक. दोघींनाही लेखनात नाव कमवायचं होतं आणि एकमेकींपासून त्या ते लपवत नव्हत्या. थोरलीनं धाकटीला कळवलं, तुझी नायिका पानोपानी रडते, वाचणारी कंटाळते. धाकटीनं चार महिने पत्र टाकलं नाही. मग निम्मी कादंबरी फाडली, नव्यानं लिहिली आणि पहिल्यांदा थोरलीलाच पाठवली. हे सांगताना बाईंचा आवाज चढायचा. "नवऱ्यांनी शिकवलं, सुधारकांनी शिकवलं, एवढंच वाचतो आपण. या एकमेकींकडून काय शिकल्या, ते कोण लिहिणार?"

एका साहित्य मंडळाला पुस्तक हवं होतं. फक्त 'कडवट' पत्रं गाळून. कार्यवाह घरी आले. "बाई, लोकांना मैत्री वाचायचीय. बायकांची भांडणं कशाला चव्हाट्यावर आणायची?"

"पुरुषांचे ते वाद, बायकांची ती भांडणं. जिना अरुंद आहे, जपून उतरा."

गेल्या वर्षी बाई दवाखान्यात होत्या. शेवटचं प्रकरण तिथंच लिहून काढलं आणि माझ्या हातात दिलं. "वाच आणि खरं सांग. छापायच्या आधी दुरुस्त करीन."

प्रकरण फसलं होतं. धाकटीचा हट्ट, हेवा, सगळं झाकून बाईंनी तिची देवी करून ठेवली होती. मंडळाला हवी तशीच. मी सलाईन लावलेला हात बघितला आणि म्हणाले, "छान झालंय, बाई."

"कुठलं पान आवडलं?"

मी पानं चाळली आणि त्यांच्या उशाशी परत ठेवली.

"म्हणजे मी आत्ताच मेले का?" त्या म्हणाल्या आणि कूस बदलली.

आठवड्यात गेल्या. प्रकरणात काय फसलंय, त्याची माझी टिपणं घरी लिहून तयार होती. न्यायचं धाडस झालं नाही. मी, जी अधिकाऱ्यांच्या टेबलावर पत्रकं आपटते!

बाईंच्या भाच्यानं पुस्तकाचं बाड त्याच मंडळाला दिलं. मंडळानं ती 'कडवट' पत्रं गाळली आणि नाकावर टिच्चून पुस्तकाला नाव दिलं 'जिवलग सख्या'. प्रकाशनाला मी उभी राहून ओरडले, "पत्रं कुठायत? मेलेल्या बाईचं पुस्तक कापायला लाज नाही वाटली?" कार्यवाह हसले. "ताई, बसा. त्यांचा शब्द न् शब्द ठेवलाय, असंही आहे की. शेवटचं प्रकरण बघा, एक अक्षर हलवलेलं नाही. पुस्तकाचा कळस आहे तो!"

सभागृहानं टाळ्या वाजवल्या. मी बसले. पत्रं त्यांनी गाळली होती, पण ते प्रकरण मी तसं राहू दिलं होतं.