शववाहिनीवाल्याचं हनीसकल

तो शववाहिनी चालवायचा. गल्लीत त्याला ‘शेवटचा स्टॉप’ म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ऐकू जाईल इतपत मोठ्याने. त्याच्या फाटकासमोरून जाताना बरेचजण रस्ता ओलांडत. मरण काही फाटकाला टेकून उभं नव्हतं, पण उगाच कशाला ओळख वाढवा?

एकदा बायको शिवणाच्या मशीनवरून मान वर न करता म्हणाली, “दिवसभर मेलेल्यांच्यात असतोस. घरी तरी काहीतरी जिवंत आण.”

त्याने रोपवाटिकेतून हनीसकल या सुवासिक फुलांचं झुडूप आणलं. कोपऱ्यात पडलेलं, अर्धं वाळलेलं.

“हे जगायचं नाही,” माळी म्हणाला.

“माझ्याकडे येणारे सगळे त्याच्या पुढचे असतात,” असं म्हणून त्याने ते काखोटीला मारलं.

झुडूप फाटकाशी लावलं. बुडाशी शेणखत घातलं, पाणी पानांवर न मारता मुळाशी सोडलं. माव्याची कीड पडली तेव्हा गाडी धुवायच्या साबणाचं पाणी करून फांदीन् फांदी पुसली. झुडूप तरारलं. पण फुलं? नावालाही नाहीत.

“त्याची हजामत थांबवशील का?” शेवटी बायकोच म्हणाली. “दर रविवारी कात्री घेऊन बसतोस. येणारी कळी तूच छाटतोयस.”

खरंच होतं ते. धंद्यात सगळं कसं नीटनेटकं लागतं, गिऱ्हाइकाच्या कॉलरलाही सुरकुती चालत नाही. तीच सवय त्याने झुडपावरही चालवली होती. त्याने कात्री बायकोच्या स्वाधीन केली. हात शिवशिवायचे, तेव्हा तो ते खिशात घालून बसायचा. झुडूप झोपेतून उठल्यासारखं वेडंवाकडं पसरलं आणि थंडी सरता सरता पांढऱ्या फुलांनी भरून गेलं. वास असा की रस्ता ओलांडून गेलेले लोक परत ओलांडून अलीकडे आले, नाकं वर करून फाटकाशी उभे राहिले आणि घर कुणाचं ते आठवल्यावर ओशाळून निघून गेले. फांदी मात्र कुणी मागितली नाही.

मागितली ती शेजारच्या आजींनी. आजी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त झाल्या तरी आवाज निवृत्त झाला नव्हता.

“एक फांदी दे रे मला.”

“माझ्या घरची चालेल तुम्हाला?” त्याने विचारलं.

“न चालायला काय झालं? उद्या तुझ्याच गाडीतून जायचंय मला. ओळख असलेली बरी. आणि तेव्हा खड्डे चुकवून चालव, माझी कंबर धरते.”

तो पोट धरून हसला. हसता हसता डोळे का भरले, ते त्यालाही कळेना. फुलं गळेपर्यंत थांबून त्याने चांगली जून फांदी निवडली, स्वतः त्यांच्या कुंडीत खोचली आणि ती मूळ धरेपर्यंत रोज कामावर जाताना डोकावत राहिला.

“माझ्याकडे बघायला येतोस की फांदीकडे?” आजी विचारायच्या.

“दोघींकडे. कोण आधी माती धरतंय ते बघतो.”

“मेल्या,” आजी म्हणायच्या आणि चहा टाकायच्या.

यथावकाश तो निवृत्त झाला. शववाहिनीवर नवा ड्रायव्हर आला. आजी धडधाकट होत्या आणि त्याच्यावर भयंकर चिडल्या होत्या. ठरलेलं गिऱ्हाईक सोडून कुणी निवृत्त होतं का, म्हणे. त्यांचं झुडूप त्याच्या झुडपाहून दांडगं झालंय. ‘आमच्या शेणखतावर रात्री कुणीतरी हात मारतं,’ असा त्याच्या बायकोला दाट संशय आहे.